बाबांच्या जीपचे एकोणचाळीस दात

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्याउभ्याच लिहितोय. कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा उमटलाय तो माझाच समज, सहीऐवजी चालेल. बातमी अशी की आज सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी बाबांची जीप सुरू झाली! बाबा गेल्यापासून अकरा वर्षं मागच्या शेडमध्ये कोंबड्या सांभाळत उभी होती ती तिसऱ्या हँडलला बोलली. तुझी भावजय म्हणते पाचव्या. पहिले दोन मी आत नुसतं तेल फिरावं म्हणून मारले होते, ते मोजायचे नसतात.

एकूण एक भाग सुटा केला, रॉकेलमध्ये धुतला, पुडीत बांधून नंबर घातला. एकशे अठरा पुड्या झाल्या. आज एकही उरलेली नाही, हे मुद्दाम लिहितोय. लहानपणचं गजराचं घड्याळ तू अजून विसरली नसशील. कुणा मिस्त्रीच्या हाताखाली मी राबलो नाही. समोर जीपचं पुस्तक आणि मागे बायकोचे टोमणे, एवढ्यावर शिकलो.

पुढच्या चाकांचा अॅक्सल गंजानं खाल्ला होता, तो भंगारातून दुसरा आणला. पुस्तकात लिहिलंय की अॅक्सलच्या पोटातल्या मोठ्या चक्राला त्रेचाळीस दात, त्याला फिरवणाऱ्या लहान चक्राला आठ. खडूनं खूण करून दोनदा मोजले. भंगारवाला म्हणाला, की साहेबांनी आता माझेही मोजून घ्यावेत, दोन पडलेत. मागच्या अॅक्सलला मात्र पान्हा लावला नाही. तो बाबांनी स्वतः बंद केलेला. चाळीस वर्षं जमिनी मोजणाऱ्या माणसाचं काम मी काय मोजणार? आईच्या पोळीला कुणी पट्टी लावतं का?

एकतीस मार्चला तू निवृत्त होतेस. त्या दिवशी सकाळी तुझ्या दवाखान्याच्या दारात हॉर्न वाजेल. तू पुढच्या सीटवर बसून खाली यायचंस. मी गल्लीभर सांगून बसलोय, आता माघार नाही.

गुडघे जप. लोभ आहेच, त्यात जीपची भर पडो.

तुझा
धाकटा


ता. १५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा अंगठा पोचला. टपालवाल्यानं पाकीट नाकाशी नेऊन विचारलं, की भाऊ तेलाच्या गिरणीत असतात का.

घड्याळाचं तूच काढलंस म्हणून लिहिते. तीन स्क्रू उरले होते आणि ते कंपनीनं चुकून जास्त घातलेत असं तू बाबांना पटवत होतास. तेव्हा तू दहाचा होतास, आता अठ्ठेचाळीसचा आहेस. आवाज तोच असणार.

चेष्टा पुरे. इथली वाट नीट समजून घे. पुलापर्यंत कुठलीही गाडी येते. पुढचे तीन मैल नुसते दगड आणि उभा चढ. मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाड्या पुलापाशीच हात टेकतात. गुडघे गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, मी पुलापर्यंतही खाली उतरले नाही. उतरायला एकच साधन आहे, आपल्या दवाखान्याचं स्ट्रेचर. उचलायला चार माणसं लागतात आणि सल्ला द्यायला पाचवा. त्यावरून मी किती बाळंतिणी खाली धाडल्या त्याची गणती नाही. पण मी स्वतः त्यावर आडवी होऊन, ज्यांना सुया टोचल्या त्यांच्या दारांवरून जाणार नाही. गाडी येणार नसेल तर स्वच्छ कळव. इथंच एक खोली बघून राहीन. रागावून लिहीत नाही, ठरवून लिहितेय.

भावजयीला सांग, कोंबड्यांची सोय आधी बघ.

तुझ्यावर विश्वास ठेवून, पण एक डोळा उघडा ठेवून,
ताई


ता. ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोली बघू नकोस! काल बाजारातून आख्खा फेरा मारून आलो. ब्रेक दाबला की जागच्या जागी उभी. स्प्रिंगचे पाटे नवे घातले, कॅनव्हासचा टप शिवून घेतला. शिंप्यानं दोन बोटं सैल शिवला होता, उसवायला लावला. रंग बाबांच्या वेळचाच. डॅशबोर्डच्या मागे जुन्या रंगाचा टिकलीएवढा ठिपका सापडला, त्यावरून जुळवला. रंगवाला सहा डबे ढवळून म्हणाला, की यापुढे मी पांढराच रंग मागावा.

मागच्या दोन चाकांवर ती अशी पळते की बाबाच चालवताहेत असं वाटतं. ते तर सगळे डोंगर दोन चाकांवरच चढायचे. गिअरजवळचा तो छोटा दांडा पुढे ढकलून चारही चाकं जोडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. मी तेवढा मोठा ड्रायव्हर नाही, मी दांडा ढकलीन. रविवारी खाणीच्या चढावर परीक्षा आहे. निकाल लगेच कळवतो.

उत्साहानं अक्षर बिघडलंय, माफ कर.

तुझा
धाकटा


ता. २१ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहितेय. तुम्हाला निकाल कळला नसेल, कारण निकाल लागला आणि हे गप्प झाले.

खाणीच्या चढावर निम्मी गल्ली बघायला जमली होती. मी शेजारी बसले होते. खाली सपाट जागी ह्यांनी मोठ्या थाटात छोटा दांडा ढकलला. जीप दहा पावलं गेली आणि आखडली. स्टिअरिंग लोखंडासारखं घट्ट, टायर जमिनीवर खरडत होते, कुठूनतरी कटकट आवाज आला आणि इंजिन बंद. तीनदा तसंच झालं. दांडा मागे घेतला की पुन्हा शहाणी. पण दोन चाकांवर चढ काही चढेना, दगड मागे उडत राहिले. शेवटी लोकांनी ढकलून बाहेर काढली. कुणीतरी म्हणालं, की कोंबड्यांना परत बोलवा. हे हसले नाहीत. वन्सं, ह्यांना राग आलेला मला चालतो, गप्प बसलेले नाही चालत.

त्यानंतर पुढचा अॅक्सल दोनदा उघडून जोडलाय. प्रत्येक वेळी सगळं बरोबरच निघतं. काल मला म्हणाले, की ताईला खोलीचं बघायला सांगावं लागेल. मी म्हटलं, की ते पत्र मी टपालात टाकणार नाही.

तुम्हाला काही सुचलं तर लिहा. मोठ्यांना आणखी काय सांगू?

तुमची
भावजय


ता. २८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

भावजयीवर रागावू नकोस, तिनं लिहिलं ते बरंच केलं. तिच्या पत्रातलं ते घट्ट स्टिअरिंग आणि ते खरडणारे टायर मी पाहिलेत. बाबांच्या शेजारी बसून.

तू आठ वर्षांचा होतास, मी अठरा. मोजणीच्या कामावर जीपचा मागचा अॅक्सल तुटला. बाबांनी दुसऱ्या एका गाडीचा काढून बसवला. बाहेरून हुबेहूब तोच, बोल्टसुद्धा जुळले. मग मोकळ्या माळावर त्यांनी छोटा दांडा ढकलला आणि जीप अशीच आखडली. बाबा उतरले, गाडीभोवती दोन चकरा मारल्या, दांडा मागे घेतला आणि मला म्हणाले, की धाकट्याला सांगू नकोस. का, तर तू दारोदार सांगत फिरायचास, आमचे बाबा दोन चाकांवर डोंगर चढतात. नंतर ते खरोखरच तसे चढत राहिले. जिथं चढता येईना तिथं मैलभर वळसा घालून जायचे.

मागच्या अॅक्सलला हात लावला नाहीस असं तू जानेवारीतच लिहिलं होतंस. तेव्हाच सांगायचं, पण शब्द दिला होता. चूक माझी. मला दातांतलं काही कळत नाही, मी सुया टोचणारी बाई. पण ताप उतरत नसला की जी जागा तपासायची राहिली असते तिथंच मी हात लावते. तू मागचा अॅक्सल उघड. बाबा तुझ्यावर रागावणार नाहीत, त्यांना सुटल्यासारखंच वाटेल.

तुझी
ताई


ता. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. तिसऱ्या दिवशी पान्ह्याला हात न लावता आधी खडू घेतला. पुढची चाकं जॅकवर उचलून बरोबर एक फेरा फिरवली, अॅक्सलला फिरवणारा गाडीखालचा लांब दांडा पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फिरला. मागची चाकं तशीच फिरवली. पाचच्या जरासा अलीकडे थांबला! दहा बोल्ट काढले, झाकण उघडलं, तेल निथळू दिलं. मोठ्या चक्राला एकोणचाळीस दात. चार वेळा मोजले. पाचव्यांदा तुझ्या भावजयीनं मोजले.

समजलं ना? दांडा ढकलला की चारही चाकं एकमेकांना बांधली जातात. दात कमी म्हणून मागची म्हणतात भरभर चला, पुढची म्हणतात आमच्या चालीनं या. मग गाडी आखडेल नाही तर काय! पुस्तकात सत्तावन्नाव्या पानावर लिहिलंय, दोन्हीकडचे दात मोजावेत. ते पान मी वाचलं होतं, ताई. वाचून उलटलं. बाबांचं काम म्हणून.

चार दिवस भंगारात पालथा पडलो. त्रेचाळीस दातांचा मागचा अॅक्सल टँकरच्या सांगाड्याखाली दबलेला मिळाला. काल तो बसवून खाणीवर गेलो, या वेळी कुणालाही न सांगता. दांडा ढकलला. ताई, ती चढली! घोरपडीसारखी चिकटून, एकही दगड मागे न उडवता, वरपर्यंत! वर इंजिन बंद करून मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

सामान बांध. एकतीसला निघायचं.

तुझा
धाकटा


ता. ३१ मार्च

चि. सौ. भावजयीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र माझ्यानंतर पोचेल हे ठाऊक आहे, पण हा निघेना म्हणून लिहितेय. कागद मांडीवर आहे आणि मांडी जीपच्या पुढच्या सीटवर. अकरा वाजता खालून आवाज आला तेव्हा कंपाउंडर म्हणाला, की दरड येतेय. मी म्हटलं, माझा भाऊ येतोय. शेवटच्या वळणावर टप दिसला तसे बाहेर बसलेले पेशंट ताप विसरून उभे राहिले. यानं दारात हॉर्न दाबला तो सोडेचना, शेवटी मलाच हात काढायला लावावा लागला. गुडघ्यांनी चढताना कुरकुर केली, पण चढले माझी मीच.

आता बॉनेट उघडून सगळ्यांना दाखवणं चाललंय. टपालवाल्यानं विचारलं, की वडीलही असेच चार चाकांवर चढायचे का. त्या एका पत्राखेरीज चाळीस वर्षं मी हे कुणाला बोलले नव्हते. हा हसला आणि म्हणाला, की नाही हो, आमच्या बाबांनी मागचा अॅक्सल चुकीचा बसवला होता. मला ते कळू नये म्हणून ते शेवटपर्यंत लांबच्या रस्त्यानं फिरले. मग टपालवाल्याच्या हातात खडू देऊन त्याला दात मोजायची रीत शिकवायला लागला. मी तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. धूळ फार आहे इथं, असं याला सांगीन.

कंपाउंडरनं स्ट्रेचर भिंतीला टेकवून ठेवलंय, लागलंच तर म्हणून. त्याला म्हटलं, आत नेऊन ठेव, पुढच्या बाळंतिणीला लागेल.

बॉनेट बंद झालं. हा शेजारी येऊन बसलाय आणि विचारतोय, की ताई, छोटा दांडा तू ढकलतेस का. बाकीचं समोरासमोर.

तुझी
वन्सं