भाऊंकडे अडकलेल्या सहा वह्या

अहो,

तुम्हाला जाऊन महिना झाला. हे पत्र लिहायची वेळ तुमच्या त्या भाऊंनीच आणलीय. रविवारी इथे दिवा स्टेशनजवळ, शाळेच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा. अध्यक्ष कोण? नगरसेवक भाऊ! आणि मी म्हणे चार शब्द बोलायचे.

त्यांचा माणूस सांगायला आलेला. मी विचारलं, "यांच्या कादंबरीच्या सहा वह्या भाऊंकडे आहेत, त्या कधी देताय?" तर म्हणतो कसा, "कसल्या वह्या, वहिनी? तुमच्या लेकीच्या, संध्याच्या नोकरीचं भाऊ बघतायत ना?" म्हणजे वह्या मागितल्या तर पोरीची नोकरी गेली, एवढं कळलं हो मला.

पाणीखात्यात चावीवाले तुम्ही. वरून निरोप आला की चाळींच्या लाइनचा वॉल्व्ह बंद करायचा, म्हणजे भाऊंचे टँकर फिरायला मोकळे. त्या दिवशी घरी येऊन धड जेवायचा नाहीत. मग लिहायला बसलात. तीन वर्षं! मी पोळ्या लाटायची, तुम्ही वाचून दाखवायचात. ऐकताना तुमचा रागही यायचा आणि अभिमानही वाटायचा.

आणि एवढं लिहून केलंत काय? वह्या नेऊन भाऊंनाच दिल्यात, प्रस्तावनेला! आपल्याकडे गणपतीची पावती असो की हळदीकुंकवाचं कार्ड, वर भाऊंचं नाव हवंच. पण अहो, ज्याच्यावर लिहिलं त्याच्याकडेच? "वाचून लाज वाटेल त्यांना," म्हणालात. किती भोळं असावं माणसाने! झेरॉक्ससुद्धा काढली नाहीत. दोन वर्षं "वाचतोय, वाचतोय" ऐकत फेऱ्या मारल्यात. हॉस्पिटलमध्येही तेच विचारत होतात, "वह्या आल्या का गं?"

संध्याला सगळं सांगितलं. म्हणाली, "खड्ड्यात गेली नोकरी. आई, तू बोल." आणि मोरीत जाऊन रडली. मी काय करू? कुणाला विचारू?

त्यात चाळीतले सगळे तुम्हाला देवमाणूस म्हणतात. बायका हार घेऊन येणार आहेत. हंडे घेऊन त्या वणवण फिरल्या ते कुणामुळे, हे त्यांना कुठे माहितेय?

पहिलं प्रकरण मला तोंडपाठ आहे. रविवारी भाऊंच्या शेजारी उभी राहून तेवढंच म्हणणार आहे. त्याची सुरुवातच तुमची कबुली आहे: "तुमचं पाणी मी बंद करायचो." लोक तुमच्या नावाने बोटं मोडतील, अहो. मला माफ करा. पण शब्द देते, एक ओळही गाळणार नाही.

तुमचीच,
सुमन