शिक्क्याची सही माझी नव्हे

मी, शालिग्राम कौतिक फेगडे, वय ६८, धंदा शेती, राहणार सावदा, तालुका रावेर, हे मृत्युपत्र अक्कलहुशारीने सांगतो. राजीखुशीने मात्र म्हणवत नाही, कारण लाज वाटते. उजवं अंग लुळं पडलंय, डोकं नाही. मी बोलतो तसं मोतीलाल वकील लिहून घेत आहेत.

१. आजारपणानंतर सही जमेना. गावच्या विकास सोसायटीचा चेअरमन राहिलेला माणूस अंगठा कसा लावणार? म्हणून जळगावहून माझ्या जुन्या सहीचा रबरी शिक्का करवून आणला आणि थोरला मुलगा निंबा याच्याकडे ठेवला. मती फिरली होती माझी.

२. निंबाने मला न विचारता तो शिक्का मारून, राहतं घर त्याच्या नावे करायला माझी संमती असल्याचा कागद केला. त्या कागदावरून भाऊबंद बसले तेव्हा त्यांच्यातल्या सुपडूनानांनी सर्वांदेखत विचारलं, "शालिग्राम, सही तुझीच ना?" नाही म्हणावं तर मला आता सहीही येत नाही हे उघडं पडतं. मी म्हणालो, "माझीच." धाकट्या मुलाची विधवा सुनंदाबाई दाराआड उभी होती. तिच्या डोक्यावरचं छप्पर मी एका शब्दात घालवलं. तरी तिने मला जेवू घातलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३. वकील म्हणतात, सही दिसते कशी याला अर्थ नाही. कुणी केली, कुणासमोर केली, हे साक्षीदारांना सांगता आलं पाहिजे. तो शिक्का मी मारलेला नाही, मारायला सांगितलेला नाही. तो कागद मला नामंजूर आहे.

४. राहतं घर माझ्या स्वतःच्या कमाईचं, ते सुनंदाबाईला. केळीचा मळा निंबाला, त्याला उपाशी ठेवायचं नाही. शाईचं पेन मुलगी बेबाबाईला. निंबाला पेन कशाला? त्याला शिक्का चालतो.

५. शिक्का चुलीत टाक म्हटलं तर सुनंदाबाई म्हणाली, "आबा, रबराचा वास येईन. आन् अंगठ्याची कसली लाज? मी लावतेच ना." तिचं खरं आहे. लाज तरी जात नाही. शिक्का पुराव्यासाठी वकिलांकडे दिला आहे.

६. अंगठा मी ओट्यावर लावणार, ज्यांच्यासमोर खोटं बोललो त्या भाऊबंदांना बोलावून. लावल्यावर शाई कुणी पुसू नये. निंबा मळ्यातून येईल तेव्हा बोट काळंच असू दे. तोंडाने त्याला काही सांगायचा धीर मला नाही.

निशाणी डावा अंगठा: शालिग्राम कौतिक फेगडे

वरील मजकूर वाचून दाखवल्यावर आबांनी आम्हा दोघांदेखत स्वतः अंगठा लावला. हात कुणी धरला नाही. आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१. सुपडू फेगडे (सही)
२. चुडामण भिकन नेहेते (सही)

सावदा, दि. ९ फेब्रुवारी १९९३