डोंग्याची चीर

बा, तुझा डोंगा आज पुन्हा तलावात उतरला. तळाची चीर कोरडी ठणठणीत आहे, मी दोनदा हात लावून पाह्यलं. तिसरीतच शाळा सुटली माझी, लिवाचा लय कंटाळा, पण हे तुले सांगितल्याबिगर राहवत नाई.

माझी नात, म्हणजे तुझी पणती, नागपूरकडे कारखान्यात आहे. तिथं इपॉक्सी नावाच्या चिकट राळेनं पवनचक्कीची पाती बनवतात, दवाखान्याच्या फरशा ओततात. तिनं त्याचेच दोन डबे आणले. एकात राळ, मधासारखी. दुसऱ्यातल्या पातळाले मासळीचा वास, अगदी आपल्या घरचा. म्हणे, "आजी, या राळेच्या टोकाले तिकोनी कडी असते. हे दुसरं ती उघडते अन् धरून बसते."

मी म्हटलं, "म्हणजे लगन लावून राह्यली तू!"

"हो, पण याच्यात काडीमोड नाई."

तिनं पाण्याच्या मग्यात मोजून कालवलं, तो मगा माझ्या हाती दिला, म्हणे चिरेवर लवकर पसरव. तेवढ्यात शेजारीण आली. आता तिच्या सुनेचं निघालं का मले भान राह्यते काय! मगा असा तापला का हातातून सुटला. धूर निघाला, आतला माल दगड. मी म्हटलं, "थांब, चुलीवर ठेवतो, वितळते." आपली राळ नाई का, जवसाच्या तेलात कढवायची, थिजली का पुन्हा चुलीवर. पोरगी हासू हासू लोळली. "हे वितळत नाई आजी. एकदा झालं ते झालं." मंग थोडं थोडं कालवून पातळ पसरवलं.

तिच्या त्या बोलण्यानं मले तो उन्हाळा आठवला. मी आठ वर्षांची, रानात टेंबरं पिकलेली. मासोळी विकाले बाजारात जाता जाता तू बजावून राह्यला, "बाई, दुपारी डोंग्यावर पाणी मारजो, नाई तं लाकूड फाटते." संध्याकाळी ही लांब चीर. तू तिच्यावर हात फिरवला अन् मलेच समजावलं, "लाकूडच खोटं निघालं, बाई." मंग दरसाली तू राळ भरे, दरसाली ते पाझरे, अन् तू एका हातानं जाळं ओढे, दुसऱ्यानं पाणी उपसे. जाईपर्यंत लाकडालेच दोष देत राह्यला.

ही चिठ्ठी डोंग्यात ठेवाची होती, पण पोरगी वाचील. म्हणून पिठाच्या डब्याखाली सारतो.

लाकूड खोटं नव्हतं, बा. मी टेंबरं खात होती.