कानाला लावलेला दांडा

चाचा, तुम्ही गेल्याला वीस वर्षं होऊन गेली आणि मी आत्ता लिहायला बसलोय. महाळुंग्यात माझा स्वतःचा कारखाना आहे. चिनी मातीचे इन्सुलेटर करतो, आपल्या चिंचवडच्या कंपनीत व्हायचे तेच. कारखान्याची एक छोटी पुस्तिका निघतेय, ती माझी लेक तयार करतेय. परवा डबा खाताना तिनं विचारलं, "पप्पा, माती ब्लंज केली का, ब्लंज केली का, असं तुम्ही सारखं ओरडता. हा शब्द शिकलात कुठं? कॉलेजला तर गेला नाहीत." मी चपातीचा तुकडा मोडत म्हणालो, "पुस्तकात वाचला." तिनं ते लिहून घेतलं.

कसलं पुस्तक, चाचा. कंपनीच्या लायब्ररीत मी पंख्याखाली बसायला जायचो. शब्द मला मिळाला तुमच्या टाकीपाशी. मी नवाच लागलेलो, काळेवाडीहून सायकल मारत यायचो. टाकीत मातीची ढेकळं आणि पाणी घातलंय, आत पाती गरागरा फिरताहेत, आणि मी शेजारच्याला सांगतोय की माती मिक्स होतेय. तुम्ही मागून येता. "मिक्स नको म्हणू. मिक्स व्हती चहात साखर. हितं ढेकळाला आपटून आपटून पाण्यात विरवायचं, एक गाठ ऱ्हाऊ द्यायची न्हाई. त्याला ब्लंज म्हंत्यात." मशीन बसवायला आलेल्या विलायती फिटरनं तो शब्द तुम्हाला दिला होता, तीन महिने तुम्ही त्याच्या हाताखाली होता. मग तुम्ही फावड्याचा लाकडी दांडा टाकीच्या अंगाला टेकवता आणि दुसरं टोक माझ्या कानाला लावता. आधी नुसती धपधप, कुणी आतून दार ठोकतंय अशी. मग एकेक ठोका कमी होत जातो आणि शेवटी सरसर तेवढी उरते. "आता बंद कर," तुम्ही म्हणायचा अवकाश, मी बटणाकडे हात नेलेलाच असतो. तिखट कान आहेत पोराचे, असं तुम्ही साऱ्या खात्याला सांगत फिरलात.

मला लिहिता येत होतं, तुम्हाला फक्त आकडे. साहेबांनी कामाची पद्धत कागदावर मागितली, तेव्हा मी ती लिहिली. चाळीस मिनिटं ब्लंज करणे, असं ठसठशीत इंग्रजीत, खाली सही माझी. दांड्याचा त्यात उल्लेख नव्हता, फावड्याचा दांडा कागदावर गावंढळ दिसला असता. पुढं गिऱ्हाइकाकडचा एक परदेशी साहेब तपासणीला आला. गाठी विरल्या हे कसं कळतं, असं त्यानं तुम्हाला विचारलं. मी मध्ये दुभाष्या. तुम्ही हिंदीत सांगितलंत की कानानं कळतं, आणि दांडा उचलून माझ्याकडे बोट केलंत. "इसको भी सिखाया है. इसका कान मेरे से अच्छा है." मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं की हा माणूस मी लिहिलेल्या कागदाप्रमाणे घड्याळ बघून मशीन चालवतो, त्यापलीकडे त्याला काही माहीत नाही. सुपरवायझरची जागा रिकामी होती, चाचा. साहेबानं माझा हात हातात घेतला. तुम्ही दांडा परत भिंतीला टेकवून ठेवलात.

मी सुपरवायझर झालो. त्या थंडीत बाकीच्या शिफ्टचा माल भट्टीतून तडकून यायला लागला, आपला नाही. शाबासकी मला. एके दिवशी मी सहज टाकीकडे आलो, तर चाळीस मिनिटं केव्हाच उलटलेली, मशीन चालूच, आणि तुम्ही डोळे मिटून दांड्याला कान लावून उभे. वहीत मात्र चाळीसच लिहिलेलं. गार पाण्यात माती उशिरा विरते, आणि कागद मी लिहिला होता मे महिन्यात. मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "कागद बराबर हाय तुझा, बाळा. थंडीच चुकली." आणि हसलात. मीही हसलो. कागद दुरुस्त केला तो नंतर, गुपचूप, आणि पुन्हा माझ्याच सहीनं.

तुम्हाला इंग्रजी कुठलं कळतंय, या भरवशावर मी कित्येक वर्षं निवांत झोपलो. तुमच्या दफनाहून परतताना कासारवाडीच्या फलाटावर उभा होतो, तिथं एक साधा प्रश्न पडला. त्या विलायती फिटरला ना मराठी येत होती ना हिंदी. मग तीन महिने तुम्ही दोघं बोलत कुठल्या भाषेत होता? गाडी आली, गेली. मी तिथंच.

म्हणजे मी त्या साहेबाला सांगितलेला शब्दन् शब्द तुम्हाला कळला होता, आणि दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखी हाक मारली होतीत, "ये, आईक जरा, झाली का बघ."

पुस्तिकेचं प्रूफ आलंय. "हा शब्द मी पुस्तकात वाचला", माझ्या फोटोखाली एवढीच ओळ. काचेपलीकडे लेक बसलीय. उठून दहा पावलं गेलो, ती ओळ खोडून तुमचं नाव सांगितलं की झालं. तिला उलट आवडेल, अशा गोष्टी तिला आवडतात. प्रूफ अजून माझ्या टेबलावर आहे, असं इथं लिहिणार होतो. पण तुमच्याशी आणखी एकदा खोटं नको. ते मी सकाळीच 'ठीक' लिहून, सही करून तिच्याकडे दिलं, आणि मग हा कागद ओढला.