अम्मीच्या लिलीचा वास

२ मे

पानंच पानं! हिरवीगार, लांबलचक, माजलेली. फूल मात्र एक नाही. गेल्या पावसाळ्यातही असंच फसवलं मला.

नाटे गावचं सासरचं घर दिरांनी पाडायला काढलं, तेव्हा विहिरीकडेचे हे स्पायडर लिलीचे कांदे मी गोणीत भरून इथे रत्नागिरीला आणले. दीर म्हणाले, घरातली तांब्याची भांडी सोडून हे काय नेतेस? म्हटलं, भांडी तुम्हाला लखलाभ.

एवढंच हवंय — आयातचे अब्बा येतील तेव्हा ती फुललेली असावी. आयात आमची लेक; तिचे अब्बा म्हणजे सुलेमान. इथे नाव लिहिलं तर कोण बघतंय! आखातात बोटीवर कुक आहेत. लग्नापासून रजा मिळते ती हिवाळ्यात, आणि लिली फुलते पावसात. हल्ली तर दर फोनला तेच — "अम्मीच्या लिलीचा वास एकदा घ्यायचाय गो." अम्मी म्हणजे माझी सासू. ती गेली, घर गेलं. राहिलेली ही लिली आता माझ्या हातात आहे.

५ मे

आज भरपूर बांगडे आणले. मासे धुतलेलं सगळं पाणी लिलीला! आमच्या मोहल्ल्यात माड असो की केळ, औषध एकच. माड बघा कसे लगडतात.

शेजारच्या धोंडूबाई कुंपणावरून म्हणाल्या, वासानं घास उतरत नाही. म्हटलं, जन्मभर मासळी विकलीत आणि नाक माझ्याच अंगणात मुरडता! हसल्या. पण पदर नाकावरून काही काढला नाही.

९ मे

दुपारी डोळा लागला. स्वप्नात सगळं अंगण पांढरं झालेलं. जमीन दिसतच नव्हती, नुसत्या त्या लांब, बारीक पाकळ्या, वाऱ्याशिवाय हलणाऱ्या. अम्मी विहिरीच्या कठड्यावर बसून न्हालेले केस सोडवत होती. माझ्याकडे बघून हसली. जाग आली तरी वास येतच होता — खरंच! मग लक्षात आलं, खिडकीत कोळंबीचे सोडे वाळत घातलेत.

तरी बराच वेळ तशीच पडून राहिले.

१९ मे

सुलेमान येतायत. कायमचे!!

करार अजून बाकी आहे. का येता विचारलं तर म्हणाले, कंटाळा आला. या माणसाला कांदा परतायचा कंटाळा? पण विचारत बसले नाही. आनंदात खोट कशाला काढा.

२४ मे

आले. बारीक झालेत. केस पार पिकले.

संध्याकाळी लिलीच्या वाफ्याशेजारी पायरीवर चहा घेऊन बसले. सकाळीच मी माशाचं पाणी ओतलं होतं, माशा घोंघावत होत्या. धोंडूबाई भेटायला आल्या, फाटकातूनच नाक धरून परत गेल्या. हे मात्र निवांत. "बरं वाटतं इथे," म्हणाले. माझे डोळे भरून आले. घराची ओढ म्हणतात ती हीच.

१ जून

मासेमारीची बंदी लागली. बोटी वर ओढल्या. ताजी मासळी नाही, म्हणजे माझ्या लिलीचं औषधही बंद. उपाशी राहणार बिचारे कांदे, दोन महिने.

७ जून

बकरी ईद. आयात मुंबईहून आली ती अब्बांच्या बिर्याणीची वाट बघतच. मी चूल सोडून बाजूला झाले. हे उठेचनात. "आता तुमच्या हातचं खाणार," म्हणाले. पोरीचा चेहरा उतरला.

नंतर पाणी घ्यायला आत गेले तर हे एकटेच उभे. मसाल्याची एकेक बरणी उघडायची, नाकाशी न्यायची, लावून ठेवायची. काय शोधताय विचारलं. काही नाही म्हणाले.

२२ जून

दूध करपलं. हे शेजारीच पेपर वाचत बसलेले! मला बाहेरून, पावसात वास आला, यांना नाही. मी वाट्टेल ते बोलले. त्यांनी भांडं घेतलं आणि घासत बसले. आता माझंच मन खातंय मला.

११ जुलै

पानं पिवळी पडायला लागली. संपलं बहुतेक.

२८ जुलै

दांडा आलाय! चपटा, हिरवा, वर कळ्यांचा झुबका! मी तिथेच चिखलात बसले.

आणि बसल्या बसल्या नाटे गावातली विहीर डोळ्यांसमोर आली. जांभ्या दगडाच्या फटीत एकमेकांना रेटून उभे असायचे कांदे. अम्मीनं त्यांना कधी काय घातलं? काहीच नाही! मी लाडानं चारून चारून नुसती पानं वाढवली. बंदी लागली म्हणून कळ्या तरी आल्या.

धावत सुलेमानना सांगायला गेले. ते खाटेवरून उठलेही नाहीत. "फुलू दे आधी." एवढंच! इतकी वर्षं ध्यास कुणाला होता मग? असा राग आला.

३ ऑगस्ट

बोटी गेल्या. बाजारात मासळी आली. माशाचं पाणी माडाला.

कळ्या फुगल्यात. हे वाफ्याकडे पाठ करून बसतात. भितात की काय? फुलाला कोण भितं!

६ ऑगस्ट

मगरिबच्या नमाजाच्या सुमारास, दिवेलागणीला उमलली. हाताला धरून नेलं त्यांना. वाकले, डोळे मिटले, खूप वेळ श्वास घेत राहिले. मग ओल्या जमिनीवरच बसले.

"मला वास येत नाय, हमिदा. गेल्या वर्षीच्या तापापासून कसलाच नाय. म्हणून बोट सोडली. वाटलं होतं, अम्मीच्या लिलीचा तरी येईल."

त्यांनी दांडा माझ्याकडे वाकवला.

"तू सांग गो. कसा आहे?"

मी शेजारी बसले. म्हटलं, आधी विहिरीचं गार पाणी. मग अम्मीचे न्हालेले केस. "मग?" म्हणाले. मी परत वाकले.