दालियाचे विषय

प्रिय अंपारो ताई,

तू पाठवलेला मोलेचा मसाला पोचला. दालियाने दोन दिवसांत निम्मा संपवला, वर मलाच ऐकवलं, "मावशी, तुझ्या हाताला आईची चव नाही." तीन वर्षं माझ्याकडे राहतेय, पण जीभ तुझीच आहे तिची, बोलायलाही.

कॉलेजचं ती तुला फारसं सांगत नाही, म्हणून मी सांगते. इथे कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून पुढे विद्यापीठात जाता येतं. पण इथला प्रत्येक विषय तिकडे धरतातच असं नाही. कॉलेजच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "गणित म्हणजे गणित," म्हणून हिने सोपा वर्ग घेतला. पास झाल्यावर सल्लागार वांग सरांनी सांगितलं, सार्वजनिक आरोग्याच्या पदवीला संख्याशास्त्रच लागतं. सहा महिने फुकट गेले. मीही चिडून बोलून गेले, "पुरे झालं, चल माझ्याबरोबर पीच निवडायला."

विद्यापीठाची यादी समोर ठेवून तिने प्रत्येक सत्राचे विषय लिहून काढले, एकेका विषयासाठी तिकडे फोन केला आणि कागद फ्रिजवर चिकटवला. शरीररचनेचा वर्ग भरलेला होता. तो शिकवणारे सर म्हणाले, "जागा नाही." ही म्हणाली, "मग मी उभी राहते." चार दिवस खरंच दाराशी उभी राहिली. पाचव्या दिवशी कुणीतरी वर्ग सोडला आणि हिला बाक मिळाला. संख्याशास्त्र उन्हाळ्यात केलं, सकाळी शेडमध्ये माझ्याशेजारी पीचच्या पेट्या भरून.

हे कशासाठी, म्हणशील. आमच्या गल्लीतलं विहिरीचं पाणी प्यायचं नाही अशी पाटी लागलीय, तरी काही घरांत तेच पितात. कोण काय पितं, हे ती दारोदार विचारत फिरली. कुणालाच दार न उघडणाऱ्या म्हाताऱ्या एलिखिओने हिला खुर्ची दिली आणि तासभर बोलत बसला. मग पाण्याच्या सभेत उभं राहून तिने ते सगळे आकडे मांडले, आधी इंग्रजीत, मग आपल्या लोकांसाठी स्पॅनिशमध्ये. शेजारच्या बाईने विचारलं, "कुणाची गं ही?" 'माझी' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, "माझ्या ताईची."

ताई, तू समजतेस की डिसेंबरात शिक्षण संपवून ती दवाखान्यात नोकरीला लागेल. तसं होणार नाही. विद्यापीठाने तिला घेतलंय, अजून दोन वर्षं. येत्या रविवारी ती तुला फोन करून सांगणार आहे, आणि घाबरलीय. अख्ख्या सभेला घाबरली नाही, तुला घाबरते. तुला राग येणार, मी ओळखते तुला. तो आत्ताच येऊ दे, मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. रविवारी मात्र तुला यातलं काहीच माहीत नाही, आणि ऐकून तू नुसती आनंदाने ओरडणार आहेस.

तुझीच धाकटी,
सेनाइदा