रिकाम्या जागेवरची काच

सोमवार, ३ जून
लागले एकदाची नोकरीला! अंधेरीला, एमआयडीसीत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईने आज पहिल्यांदा ओट्यापाशी उभं राहून शिरा केला. मी रागावले आणि वर मागून खाल्ला. आता दिवसभर ती घरात एकटी, एवढीच काय ती काळजी.

आमची कंपनी सोसायट्यांच्या गेटवरच्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्राम बनवते. कोणी आलं की पडद्यावर फोटोची पाटी येते आणि वॉचमनने 'आत सोडा' किंवा 'परत पाठवा' दाबायचं. बॉस सिद्धेश झकास माणूस, चहा स्वतः आणून देतो. माझ्या खुर्चीवर आधी सुशांत होता. तो अचानक सोडून गेला. का, ते कोणी बोलत नाही.

बुधवार, ५ जून
पहिलंच काम फत्ते! तक्रार अशी की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्लिक केलं तर काहीच होत नाही. पडद्यावर गोष्टी एकावर एक असतात, आणि क्लिक सगळ्यात वरच्या गोष्टीला मिळतो. ती दिसत नसली तरी तिलाच. सुशांतने त्या कोपऱ्यावर एक पारदर्शक काच ठेवून दिली होती, ती सगळे क्लिक गिळत होती. खाली एका पाहुण्याची पाटी. फोटो नाही, नाव नाही. आळशी कुठला! चूक सुधारायची सोडून वर झाकण घातलं.

मी काच काढून टाकली. चाचणीला कुठलातरी पत्ता लागतो, म्हणून आमचा भांडुपचाच टाकला. मग कोपऱ्यातली एक सूचना बंद करायला क्लिक केलं, पण तेवढ्यात ती आपोआप गेली आणि क्लिक सरळ खालच्या पाटीला लागला. 'आत सोडा'. पाटी नाहीशी झाली. सिद्धेशने पाठ थोपटली.

शुक्रवार, ७ जून
संध्याकाळी आमच्या वॉचमनने, भीमराजने विचारलं, पाहुणी गेली का. कुठली पाहुणी? तर म्हणतो, "ताई, तुम्हीच फोन केलात ना, वर सोडा म्हणून?" आमच्या गेटवर कॉम्प्युटर नाही, नुसता भीमराज आणि त्याची खुर्ची. कोणालातरी सोडलंय आणि आता माझ्यावर ढकलतोय.

आईला विचारलं. ती म्हणाली, कोणी आलं नाही, दुपारी तूच तर आली होतीस. दुपारी मी अंधेरीत होते.

सोमवार, १० जून
सुशांतला फोन लावला. आधी उडवाउडवी केली. मग म्हणाला, ती पाटी काही केल्या पुसली जाईना, म्हणून झाकली. पत्ता कुणाचा टाकलास, असं त्याने विचारलं. आमचाच, म्हटल्यावर फोन ठेवून दिला. हा आणि सिद्धेश मिळून नव्या मुलीची फिरकी घेतायत, दुसरं काय!

तरी काच परत ठेवली. खाली आता काहीच नाही.

बुधवार, १२ जून
आईचं काहीतरी बिघडलंय. हाक मारली तरी ओ देत नाही. गोळी घेतलीस का विचारलं, तर माझ्याकडे तोंड करून हसली. पण नजर माझ्या वीतभर अलीकडेच थांबली. आणि उत्तर दिलं ते मी विचारलंच नव्हतं त्याचं.

कान तपासून घ्यायला हवेत. नाही, कान नव्हेत. आईवर काहीतरी चढून बसलंय. मला तिला हात लावायची भीती वाटते. स्वतःच्या आईला.

गुरुवार
रजा टाकली. आईवरून नजर हलवली नाही.

पाणी जाणार हे सांगायला भीमराज वर आला. दार मी उघडलं. त्याने नमस्कार केला — मला नाही — माझ्या पुढ्यात, अगदी मला लागून — "ताई" म्हणाला, आणि माझ्या आधी कोणीतरी "बोला" म्हटलं. माझ्याच आवाजात.

आईवर काही नाही. माझ्यावर आहे.

शनिवार
आई रडली. म्हणाली, किती दिवसांनी अशी जवळ बसलीस गं. हे मला नाही, माझ्यावर बसलेल्या तिला. तिच्या केसांना तेल लावत होती — मी ओरडले — मधे हात घातला — आईच्या बोटांना काहीच —

रविवार
आई उठली. ताट वाढलं. एकच. "दर्शना, ये गं," म्हणाली.

आले. आई, मी आले — इकडे बघ — तिच्याकडे नको —

आईने घास पुढे केला. मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी —